हाक आणि फास

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी एका पक्ष्याविषयी बोलणार आहे आणि त्या पक्ष्याला फसवण्यासाठी माणूस जी भाषा शिकला, तिच्याविषयीही. पक्षी आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. त्याचं नाव टर्की. कवीला शिकारीचं काय पडलंय, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण गझल ऐकत वाढलेल्या माणसाला शिकारी परका नसतो. सैयाद, दाम, दाना, कफस. म्हणजे शिकारी, जाळं, दाणा आणि पिंजरा. हे चार शब्द काढून घेतले, तर उर्दू शायरीचं अर्धं घर रिकामं होईल. टर्कीच्या शिकारीत या चार शब्दांच्या जोडीला पाचवा येतो. तो म्हणजे हाक.

आधी या पक्ष्याच्या नावाची गंमत सांगतो. हा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या लोकांनी तो पाळला, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. तिथं इंग्रजांनी त्याची गल्लत तुर्की व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या दुसऱ्याच एका कोंबडीशी केली आणि तो ‘टर्की’ झाला. तुर्क लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंचांनीही त्याला हिंदुस्थानचाच ठरवला. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, म्हणजे आपण तिखटमीठ लावून खातो त्या फळाचं आणि या पक्ष्याचं नाव कानाला एकच. ज्याला त्याला वाटलं, हा पाहुणा शेजारच्या गावचा. त्याचं खरं गाव कुणी विचारलंच नाही.

आपल्या देशात तो आला गोव्याच्या वाटेनं. जहांगीर बादशहानं मुकर्रब खान नावाच्या सरदाराला दुर्मीळ वस्तू आणायला गोव्याला पाठवलं होतं. १६१२ मध्ये तो परतला तेव्हा त्यानं बरोबर आणलेल्या प्राण्यांमध्ये एक टर्की होता. बादशहानं आपल्या आत्मचरित्रात त्याचं वर्णन करून ठेवलंय. मोरापेक्षा लहान, लांडोरीपेक्षा मोठा; माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो आणि डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलतो, असं तो लिहितो. नुसतं लिहून त्याचं समाधान झालं नाही. त्यानं चित्रकारांना त्याचं चित्र काढायला सांगितलं. उस्ताद मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीर स्वतः अट्टल शिकारी. पण या पक्ष्याकडे त्यानं आधी डोळे भरून पाहिलं, हे मला त्याचं मोठेपण वाटतं.

बादशहाच्या दरबारात आला तो माणसाळलेला पक्षी. रानातला टर्की वेगळा. अंगानं सडपातळ, पळण्यात चपळ, आणि नर सात-आठ किलोंचा असूनही रात्री झाडावर उडून बसणारा. त्याची नजर अशी तीक्ष्ण की दूरवरची पापणीची हालचालही त्याला दिसावी. वास मात्र त्याला फारसा कळत नाही. त्याची एक जात फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात राहते. ओसिओला हे तिचं नाव. या नावाची गोष्ट मी शेवटाकडे सांगेन, कारण ती या भाषणाचा गाभा आहे.

फ्लोरिडा म्हणजे पाणथळ मुलूख. सायप्रसची उंच झाडं थेट पाण्यातून वर गेलेली, फांद्यांवरून फकिराच्या दाढीसारखे राखाडी झुपके लोंबत असलेले, खाली काळं स्थिर पाणी आणि पाण्यात सुसरी. ओसिओला टर्कीला रात्रीच्या मुक्कामाला अशी पाण्यावरची झाडं आवडतात. रानमांजर किंवा रॅकून चढू लागलं, तर पाण्यात आधी चुबुक होणार. पाणी हाच त्याचा पहारेकरी. पहाटे तो फांदीवरूनच आरोळी ठोकतो. गुलुगुलु अशी घुमणारी ही आरोळी शांत हवेत दीड-एक किलोमीटर ऐकू जाते. उजाडलं की तो कोरड्या जमिनीवर उतरतो. तिथं शिकारी त्याची वाट पाहत बसलेला असतो.

शिकारी येतो अंधारातच. गुडघाभर पाण्यातून वाट काढत, आवाज न करता. त्याच्या खांद्यांपेक्षा रुंद असं एक झाड शोधून तो त्याला पाठ टेकून बसतो. म्हणजे त्याची आकृती खोडात मिसळते आणि पाठीमागून कुणी गोळी झाडली तरी झाड आड येतं. तोंडावर जाळी, हातांत मोजे, अंगावर पाल्यापाचोळ्याच्या रंगाचे कपडे. समोर पंधरा-वीस पावलांवर त्यानं नकली पक्षी रोवून ठेवलेले असतात. अमेरिकेत त्यांना ‘डिकॉय’ म्हणतात. एक मादी, आणि कधी तिच्याजवळ एक कोवळा नर.

मग तो मादीचा आवाज काढतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. निसर्गात नर आरोळी देतो आणि मादी त्याच्याकडे जाते. नर जागेवर उभा राहतो, पिसारा फुलवतो, पंख जमिनीवर घासतो आणि वाट पाहतो. शिकाऱ्याला हवं असतं याच्या उलट. मादीच्या आवाजावर नरानं चालत यावं, असं तो मागतो. हजारो वर्षांची रीत त्याला एका सकाळपुरती मोडायची असते. म्हणून ही शिकार अवघड. नर उत्तर देतो, पुन्हा देतो, पण पाऊल उचलत नाही. मध्ये एखादा ओढा किंवा चर असेल, तर काठाशी येऊन थबकतो. पाणी ओलांडून भेटायला जायचं, तर तिनं यावं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे पाणथळीतला अनुभवी शिकारी आधी एवढंच पाहतो, की पक्ष्याच्या आणि आपल्या मध्ये पाणी नको.

ही हाक कशाकशानं घालतात? सर्वांत जुनं साधन म्हणजे टर्कीच्याच पंखाची हाडं. पोकळ हाडं एकात एक बसवून नळी करायची आणि फुंकर न मारता ओठांनी हवा आत ओढायची. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही कला. पक्ष्याच्याच हाडातून पक्ष्याला बोलावणं! दुसरं साधन दगडी पाटीच्या तुकड्यावर लाकडी काडी घासण्याचं. तिसरं, जिभेवर टाळूशी धरायची पातळ पडद्याची चकती. आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे लाकडी पेटी, जिचं झाकण कडेवर घासलं की मादीचा घोगरा स्वर निघतो. अशा पेटीचं पेटंट हेन्री गिब्सन नावाच्या आर्कान्सामधल्या माणसानं १८९७ मध्ये घेतलं.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्यानं एकदा फोनवर मला त्या पेटीचा आवाज ऐकवला. ‘‘मामू, ओळखा काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘जुन्या वाड्याचं दार करकरतंय.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘इथं याच करकरीवर नर जीव टाकतात.’’ मी मनात म्हटलं, नवल काय? वाट पाहणाऱ्याला दाराची करकर संगीतापेक्षा गोड लागते.

या कलेतलं खरं मर्म आवाजात नाही. तिथले जाणते सांगतात, की नवशिका फार बोलतो. मुरलेला शिकारी दोन-तीन स्वर काढतो, नराचं उत्तर आलं की गप्प बसतो. अर्धा तास, तास. ती गप्प का झाली, दुसऱ्याकडे गेली की काय, या काळजीनं नर अखेर जागा सोडतो. म्हणजे त्याला ओढून आणते ती शांतता. कवितेतही शब्द वाचणाऱ्याला उंबरठ्यापर्यंत आणतात, पण आत ओढून घेते ती ओळींमधली मोकळी जागा.

कवितेचं नाव काढलंय, तर एका कवीची ओळख करून देतो. आर्चिबाल्ड रटलेज हे साउथ कॅरोलिनाचे पहिले राजकवी. १९३४ मध्ये त्यांना तो मान मिळाला. सँटी नदीच्या दलदलीच्या मुलखात त्यांचं हॅम्प्टन नावाचं वडिलोपार्जित घर. टर्कीच्या शिकारीचं त्यांना वेड. त्यांच्याजवळची हाकेची लाकडी पेटी इतकी लाडकी, की तिला त्यांनी नाव ठेवलं होतं, ‘मिस सिडक्शन’. आपल्या भाषेत म्हणायचं तर ‘भुलवणारी बाई’. भुलवणं हा कवीचाही धंदा आहे, हे त्या गृहस्थांना ठाऊक असणार.

आता नकली पक्ष्याकडे वळू. १९२४ मध्ये नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक नावाच्या गुहेत लव्हाळ्यांची विणलेली अकरा बदकं सापडली. रंगवलेली, पिसं लावलेली. पाण्यावर तरंगत ठेवून खऱ्या बदकांना खाली उतरवण्यासाठी ती केली होती. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ‘डिकॉय’ हा शब्दही पाहा. तो डच भाषेतल्या ‘कोई’ या शब्दावरून आला असं मानतात आणि त्याचा अर्थ पिंजरा. म्हणजे आमच्या गझलेतला कफस हॉलंडच्या तळ्यांवरून फिरून पुन्हा भेटला.

टर्कीच्या बाबतीत नकली मादी प्रेमाचं आमिष दाखवते, तर नकली कोवळा नर मत्सराचं. माझ्या रानात हे पोरगं कोण उपटलं, या रागानं म्हातारा नर मान काढून चालून येतो. शिकारी तो नकली नर आपल्याकडे तोंड करून ठेवतो. कारण प्रतिस्पर्ध्याला समोरून भिडायचं, हा टर्कीचा स्वभाव. तो वळसा घालून समोर येतो तेव्हा त्याची पाठ शिकाऱ्याकडे असते. प्रेम आणि मत्सर, दोन्ही दोऱ्या माणसाच्याच हातात.

ही फसवणूक कधी कधी फसवणाऱ्यावरही उलटते. नकली पक्षी इतका हुबेहूब असतो, हाक इतकी खरी असते, की दुसराच शिकारी त्या दिशेनं गोळी झाडतो. म्हणून टर्कीच्या शिकारीला जाताना लाल, पांढरा आणि निळा रंग अंगावर घालू नये, असा दंडक आहे. नराच्या डोक्याचे तेच रंग. रुमालसुद्धा त्या रंगाचा नको. जहांगीरला ज्या रंगांचं कौतुक वाटलं, ते रंग त्या रानात माणसाच्या जिवावर बेतू शकतात.

मग हा सगळा क्रूरपणाच का? तसं एका वाक्यात म्हणून मोकळं होता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत जंगलं तुटली, बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि रानटर्की अनेक राज्यांतून नाहीसा झाला. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. टर्की परत आणायचे म्हणून आधी पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं रानात सोडली. ती जगली नाहीत. त्यांना आईनं वाढवलेलं नव्हतं. कुठला स्वर धोक्याचा, कुठला जवळ येण्याचा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आईची हाक न ऐकलेलं पिल्लू रानात पोरकंच. शेवटी रानातलेच पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या रानात नेण्याचा उपाय लागू पडला. तोफेसारख्या नळ्यांतून जाळं फेकून टर्की धरण्याचा प्रयोग १९५१ मध्ये साउथ कॅरोलिनात यशस्वी झाला. दाणा टाकला, जाळं टाकलं, पण या वेळी मारण्यासाठी नव्हे, वसवण्यासाठी. आज तिथं लाखोंच्या संख्येनं रानटर्की आहेत.

तिथं नियमही बरेच आहेत. वसंतातल्या हंगामात फक्त नर मारायचे, किती मारायचे याची मर्यादा, आणि बहुतेक राज्यांत आवाजाची रेकॉर्ड लावून बोलावण्याला बंदी. बदकांसाठी जिवंत पक्षी आमिष म्हणून बांधून ठेवण्यावर १९३५ पासून बंदी आली. अलीकडे दक्षिणेकडच्या काही राज्यांत टर्की पुन्हा कमी होऊ लागले, तेव्हा अलाबामानं २०२२ मध्ये हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत नकली पक्षी वापरू नयेत असा नियम केला. सर्वांत दांडगा नर विणीच्या ऐन सुरुवातीलाच मत्सरापोटी बळी जाऊ नये, हा हेतू. म्हणजे फसवण्यालाही मर्यादा असते, हे फसवणाऱ्यांनीच मान्य केलं.

आपल्याकडे हा खेळ पारध्यांना ठाऊक होता. फासेपारधी हे नावच फाशांवरून आलं. पिंजऱ्यातला तित्तीर रानात ठेवायचा, भोवती फासे मांडायचे. आतला तित्तीर बोलला की त्या रानाचा धनी तित्तीर भांडायला धावून येतो आणि फाशात अडकतो. फ्लोरिडातला टर्की आणि आपल्या माळावरचा तित्तीर एकाच रागापायी फसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. पण एक गोष्ट सलते. हीच विद्या एका देशात रविवारचा छंद ठरली, तिच्यासाठी पेट्यांची पेटंटं निघाली. इथं ती ज्यांच्या पोटाची होती, त्यांच्यावर इंग्रजांच्या कायद्यानं अख्ख्या जमातीसकट गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुसला गेलेला नाही. पाखराची भाषा येणाऱ्या माणसाला आपण रानाचा पंडित म्हणायला हवं होतं. आपण त्याला चोर म्हटलं.

आता ओसिओला या नावाची गोष्ट. ओसिओला हा फ्लोरिडातल्या सेमिनोल लोकांचा पुढारी. सेमिनोल हे तिथले आदिवासी. त्यांना पश्चिमेकडे हाकलून देण्याचा अमेरिकी सरकारचा बेत होता. त्यातून १८३५ मध्ये युद्ध पेटलं, ते १८४२ पर्यंत चाललं. सैन्य मोठं, तोफा मोठ्या, पण सेमिनोल लोकांना दलदल ठाऊक. कुठं पाय रुततो, कुठं उभं राहता येतं, हे त्यांना तळहातासारखं माहीत. सायप्रसच्या त्या पाण्यात सैन्याला ओसिओला काही सापडेना. मग ऑक्टोबर १८३७ मध्ये त्याला बोलणी करायला बोलावलं. त्याच्याकडेही पांढरं निशाण होतं, तहाचं. तो आला. आणि जनरल जेसप यांच्या हुकमावरून त्या पांढऱ्या निशाणाखालीच त्याला पकडण्यात आलं. पुढं साउथ कॅरोलिनातल्या मोल्ट्री किल्ल्यात कैदेत असताना जानेवारी १८३८ मध्ये तो वारला.

पन्नासएक वर्षांनी, १८९० मध्ये, डब्ल्यू. ई. डी. स्कॉट या पक्षितज्ज्ञानं फ्लोरिडातल्या रानटर्कीची ही वेगळी जात शास्त्रात नोंदवली आणि तिला नाव दिलं ओसिओला. खोट्या हाकेला फसून मारल्या जाणाऱ्या या पक्ष्यानं, खोट्या हाकेला ओ देऊन पकडल्या गेलेल्या माणसाचं नाव धारण केलं आहे.

श्रोतेहो, मी या दोन फसवणुकी एका तराजूत घालणार नाही. पक्ष्याला फसवणारा शिकारी दोघांमधला कुठला करार मोडत नाही. टर्कीनं त्याच्यावर विश्वास टाकलेला नसतो, चुकून ऐकलेलं असतं. पांढऱ्या निशाणाचं तसं नाही. ते निशाण म्हणजे माणसानं माणसाला दिलेला शब्द. एकदा ते जाळं म्हणून वापरलं, की पुढच्या वेळी खऱ्या तहासाठी उंचावलेल्या निशाणाकडेही कुणी येत नाही. दंगलीच्या रात्री ‘‘बाहेर या, काही होणार नाही’’ असं सांगणारा आवाज खरा की खोटा, हे ज्यांना दाराआडून ओळखावं लागलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. खोट्या हाकेचं पाप फसलेल्यापाशी संपत नाही. त्यानंतरची प्रत्येक खरी हाक संशयित ठरते.

आणि हे केवळ इतिहासात घडतं असं नाही. आज आपल्याकडे बंदूक गेली, कॅमेरा आला. फार चांगलं झालं. पण खिशातल्या फोनमध्ये आता प्रत्येक पक्ष्याचा आवाज असतो. विणीच्या दिवसांत काही हौशी लोक झाडाखाली उभे राहून तो आवाज पुन्हा पुन्हा वाजवतात. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी शिरलं. तो घरटं सोडून येतो, शत्रू शोधतो, सापडत नाही, पुन्हा येतो. आपल्याला फोटो मिळतो. त्याची सकाळ मात्र एका नसलेल्या शत्रूशी भांडण्यात जाते आणि घरट्यातली अंडी तेवढा वेळ उघडी पडतात. रक्ताचा थेंब सांडत नाही, म्हणून आपण स्वतःला निष्पाप समजतो. अमेरिकेतल्या शिकाऱ्याला रेकॉर्ड लावायला मनाई आहे, हे आपल्या हौशी मंडळींनी लक्षात घ्यावं.

आवाज ही फार नाजूक ठेव आहे. आई पिल्लाला हाक मारते, जोडीदार जोडीदाराला मारतो, मुअज्जिन नमाजासाठी बोलावतो, कीर्तनकार टाळ वाजवून गाव गोळा करतो. या सगळ्यांच्या मागे एक न बोललेलं वचन असतं, की तू ये, इथं खरंच कुणी आहे. तुम्ही कवी असा, पुढारी असा, वा सकाळी रानात निघालेले पक्षीमित्र असा. हाक मारण्याआधी स्वतःला एवढं विचारा, की समोरचा आला, तर त्याला इथं काय मिळणार आहे? उत्तर मनाला पटत नसेल, तर गप्प बसणं बरं. रानात गप्प बसणाऱ्याला पुष्कळ ऐकू येतं.